भिवंडीचा घाम आणि फॉस्फेटचे शेअर

कष्टकऱ्याच्या हाती चार पैसे आले की ते कोणत्या वाटेने काढून घ्यावेत, याची विद्या भांडवलशाहीने फार पूर्वीच हस्तगत केली आहे. पूर्वी त्यासाठी सावकाराची वही आणि दारूचा गुत्ता पुरेसा होता. आता तेच काम हातातल्या फोनवर होते आणि त्याला ‘गुंतवणूक’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. शेअर बाजारातील बड्या कंपन्यांचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले की त्याच्यासमोर ‘लहान पण होतकरू’ कंपन्या मांडल्या जातात. त्यांत आज एका खास जातीच्या कंपन्यांचे गुणगान चालते. त्या म्हणजे खनिज खोदणाऱ्या, आणि त्यांतही खताचे फॉस्फेट खोदणाऱ्या छोट्या कंपन्या. ‘लोकसंख्या वाढणार, अन्न लागणार, अन्नाला खत लागणार, खताला फॉस्फेट लागणार, तेव्हा आज स्वस्तात शेअर घ्या आणि दहा वर्षे स्वस्थ बसा,’ असा हा सरळसोट उपदेश असतो.

हा उपदेश भिवंडीत कोणाच्या कानी पडतो, हे आधी पाहिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो चिरडला गेल्यानंतर गिरण्यांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर निघू लागले. मुंबईत कामगार देशोधडीला लागला आणि भिवंडीत कायद्याचे संरक्षण नसलेला दुसरा कामगार बारा बारा तास मागावर उभा राहिला. पुढे २०१६ ची नोटबंदी आली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, सुताचे भाव आणि विजेची बिले चढत गेली, आणि ज्या मागांनी संसार उभे केले ते भंगाराच्या भावाने किलोवर विकले जाऊ लागले. जिथे माग होते, जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज गोदामे आहेत. नाशिकचा महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन आणि तालुक्यातील आमणे येथे येऊन संपणारा, ५ जून २०२५ पासून पूर्ण लांबीने खुला झालेला समृद्धी महामार्ग यांनी तालुक्याच्या जमिनीची किंमत वाढवली आणि जमीन कसणाऱ्याच्या हातून नेली.

म्हणजे आज या तालुक्यात तीन प्रकारचा पैसा आहे: माग मोडून आलेला, जमीन देऊन आलेला, आणि मागावरच्या किंवा गोदामातल्या मजुरीतून भिशीत साठवलेला. तिन्ही प्रकारच्या पैशामागे एकेक जीवनसाधन आहे, आणि पहिल्या दोहोंत ते कायमचे गेलेले आहे. हा पैसा पुन्हा मिळणारा नाही. शेअर बाजाराची नजर नेमकी याच पैशावर आहे.

गरज खरी, निष्कर्ष खोटा

फॉस्फेटची गरज खोटी आहे, असे कोणीही म्हणणार नाही. स्फुरदावाचून पीक मूळ धरत नाही, आणि नत्र जसे हवेतून ओढून घेता येते तसे स्फुरद घेता येत नाही. ते खडकातूनच काढावे लागते. खडक दळून गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सुपर फॉस्फेट तयार होते. भारतात हे खत १९०६ मध्ये मद्रासजवळच्या राणीपेठ येथे प्रथम तयार झाले. भिवंडीपासून हाकेच्या अंतरावरील अंबरनाथला १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने त्याचा कारखाना काढला आणि ठाणे जिल्ह्यातील भातशेतीला त्या गोण्या परिचित झाल्या. भारताच्या भूमीत हा खडक अल्प आहे. देशाच्या गरजेचा बहुतांश भाग मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो अशा देशांतून येतो. इतके सारे खरे आहे.

परंतु वस्तूची गरज असणे आणि ती वस्तू काढण्याचे आश्वासन देणाऱ्या कंपनीचा शेअर मोलाचा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कापडाची गरज कधी संपली होती? तरीही भिवंडीतील माग भंगारात गेलेच. ज्याने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्यालाच ‘गरज आहे म्हणून नफा आहे’ असे शिकवले जाते, हे या युक्तिवादाचे सर्वांत मोठे धाडस होय.

फॉस्फेटचा खडक सोन्यासारखा नाही. सोन्याची वीट पिशवीत घालून नेता येते. फॉस्फेट लाखो टनांनी वाहून न्यावे लागते. त्यामुळे खडक जमिनीत किती आहे यापेक्षा खाणीपासून बंदर किती दूर आहे, मधे रेल्वे आहे की नाही, खडकातील स्फुरदाचे प्रमाण किती आहे, यांवर सारा हिशेब ठरतो. मोरोक्कोच्या सरकारी कंपनीच्या दिमतीला खाण, रेल्वे आणि बंदर तिन्ही आहेत. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के साठे त्या देशाच्या, आणि १९७५ पासून त्याने बळकावलेल्या पश्चिम सहाराच्या भूमीत आहेत असे मानले जाते. अशा महाकाय संस्थेने भाव थोडा खाली आणला तरी माळरानावर मधोमध बसलेल्या छोट्या कंपनीच्या खडकाला धोंड्याइतकीही किंमत उरत नाही.

खाण कोणती, उत्पन्न कोणते?

या छोट्या कंपन्यांचे अर्थशास्त्र कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. अशा बहुतेक कंपन्यांपाशी खाण नसते; खाण काढण्याचा परवाना, काही भोके पाडून काढलेले खडकांचे नमुने आणि एक रंगीत आराखडा असतो. विक्रीला माल नाही, म्हणून उत्पन्न नाही. मग कंपनी जगते कशावर? ती स्वतःचे शेअर विकून जगते. पैसे संपले की नवे शेअर काढायचे, आणि नवे शेअर खपावेत म्हणून नवी घोषणा करायची: ‘साठा दुप्पट निघाला’, ‘मोठ्या खरेदीदाराशी बोलणी चालू’, ‘व्यवहार्यता अहवाल उत्साहवर्धक’. प्रत्येक नव्या शेअरबरोबर जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो, जसे एकाच भांड्यातल्या ताकात पाणी ओतत जावे. मात्र संचालकांचे पगार, सल्लागारांचे शुल्क आणि दलालांची दलाली दर वर्षी वेळेवर निघते. खाण निघो वा न निघो, काहींचे उत्पन्न पहिल्या दिवसापासून सुरू असते.

जगाचा अनुभव याहून निराळा नाही. ऑस्ट्रेलियातील पोसायडन या निकेल कंपनीचा शेअर १९६९ च्या सप्टेंबरात एका डॉलरच्या आत होता, तो १९७० च्या फेब्रुवारीत २८० डॉलरवर गेला आणि मग कोसळला. कॅनडातील ब्रे-एक्स कंपनीने इंडोनेशियाच्या जंगलात सोन्याचा डोंगर सापडल्याचे सांगितले. १९९७ मध्ये कळले की खडकांच्या नमुन्यांत सोने बाहेरून मिसळले होते. अब्जावधी डॉलर एका वसंत ऋतूत नाहीसे झाले.

शेतकऱ्यांच्या पैशाचे काय झाले?

हे परदेशातले सोन्यानिकेलचे किस्से आहेत, फॉस्फेटशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याच्यासाठी खुद्द भारतीय शेतकऱ्यांच्या पैशाचे उदाहरण उपलब्ध आहे. १९६७ मध्ये स्थापन झालेली इफको ही देशभरातील हजारो सहकारी संस्थांची मिळून बनलेली खतसंस्था आहे. तिच्या खताच्या गोण्या भिवंडी तालुक्यातही जातात. २००८ मध्ये या संस्थेने ऑस्ट्रेलियातील लेजंड इंटरनॅशनल होल्डिंग्ज या कंपनीचे शेअर घेतले. क्वीन्सलंडच्या वायव्य भागात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, फॉस्फेटचे मोठे साठे आपल्या ताब्यात असल्याचे ही कंपनी सांगत होती. तिचे प्रमुख जोसेफ गटनिक हे खाणधंद्यातील गाजलेले नाव होते.

ते वर्षच मोहाचे होते. २००७ च्या आरंभी टनाला पन्नास डॉलरच्या आसपास असलेला फॉस्फेट खडक २००८ च्या उन्हाळ्यानंतर चारशे तीस डॉलरवर जाऊन पोहोचला होता. त्या भावाने जगातील प्रत्येक दगड सोन्याचा वाटू लागला. परंतु २००९ संपताना तोच भाव शंभर डॉलरच्या आसपास उतरला. शिखरावरच्या भावावर आखलेल्या खाणी कागदावरच राहिल्या.

पुढे इफकोने लेजंडच्या पॅराडाइज फॉस्फेट या उपकंपनीचेही शेअर घेतले. ते शेअर आपल्याला चुकीची माहिती देऊन विकले गेले, अशी तक्रार घेऊन इफको सिंगापूरच्या लवादापुढे गेली. लवादाने २०१५ मध्ये इफकोच्या बाजूने निवाडा देऊन पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या अपील न्यायालयात घेतलेल्या हरकती २०१६ मध्ये फेटाळल्या गेल्या. आणि त्याच वर्षी लेजंड कंपनी दिवाळखोरीत जाऊन अवसायनात निघाली. न्याय हाती आला तेव्हा ज्या कंपनीकडून वसुली करायची तीच बुडाली होती.

या प्रकरणातून काय बोध घ्यायचा? इफकोपाशी खताचा अनेक दशकांचा अनुभव होता. फॉस्फेट म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होते. भूगर्भतज्ज्ञ, हिशेबतपासनीस, परदेशी वकील यांचा खर्च करण्याची तिची ऐपत होती. तरीही शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा अशा कंपनीत अडकला. मग भिवंडीचा मागवाला फोनवरचा आलेख पाहून जो निर्णय घेतो, त्याचे भवितव्य काय असेल? त्याची फसवणूक झालीच तर तो कोणत्या लवादापुढे जाणार आहे?

नफा खाणीत नाही, दिल्लीत आहे

खतधंद्याचे आणखी एक रहस्य शेअरविक्रेते सांगत नाहीत. भारतात खताचा नफा बाजारात ठरत नाही. तो सरकारी तिजोरीवर अवलंबून असतो. मराठे समितीच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये धारणमूल्य पद्धती आली. ऑगस्ट १९९२ मध्ये फॉस्फेट आणि पालाशयुक्त खतांवरील नियंत्रण उठवले गेले, आणि २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू झाले. मे २०२१ मध्ये डीएपीच्या गोणीमागचे अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपयांवर नेण्यात आले. एका संध्याकाळच्या निर्णयाने कंपन्यांचे ताळेबंद बदलले. अनुदानाची गरज शेतकऱ्याला आहेच. त्याला डीएपी परवडलेच पाहिजे. परंतु ज्या धंद्याचा नफा जनतेच्या करातून भरून दिला जातो, त्या नफ्यावर खासगी भागधारकाचा हक्क कोणत्या न्यायाने उभा राहतो, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त आहे.

आणि भातलावणीच्या तोंडावर शेतकऱ्याला काय मिळते? डीएपीची गोणी हवी असेल तर तिच्याबरोबर नको असलेले दुसरे खत किंवा औषध घ्यावे लागते. या ‘लिंकिंग’विरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षे ओरडत आहेत. एकाच कुटुंबातील बाप दुकानात नाडला जातो आणि मुलगा त्याच खतधंद्याच्या शेअरवर पैज लावतो. खत महागले तर मुलाचा शेअर चढेल, या आशेचा अर्थ बापाचे नुकसान हाच मुलाचा नफा, असा होतो. माणसाला स्वतःच्याच घराविरुद्ध पैज लावायला शिकवणारी ही व्यवस्था आहे.

खनिज कोणाचे?

संविधानाच्या ३९(ब) अनुच्छेदाने समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे स्वामित्व व नियंत्रण सर्वांच्या हिताला पोषक होईल अशा रीतीने वाटले जावे, असे राज्याला बजावले आहे. हे केवळ पुस्तकातले वचन नाही. उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये सापडलेला फॉस्फेटचा साठा राजस्थान सरकारच्या मालकीच्या कंपनीने खोदला आणि देशाला खडक पुरवला. त्यासाठी कोणा विणकराला आपली पुंजी पणाला लावावी लागली नाही.

उलट उदाहरण पारादीपचे आहे. भारत सरकार आणि नाऊरू प्रजासत्ताक यांनी मिळून १९८१ मध्ये ओडिशात पारादीप फॉस्फेट्स उभी केली. तोट्याचे कारण दाखवून २००२ मध्ये तिचे ७४ टक्के भांडवल १५१ कोटी ७० लाख रुपयांना खासगी मालकीत देण्यात आले. म्हणजे सगळ्या कंपनीची किंमत सुमारे दोनशे कोटी धरली गेली. मे २०२२ मध्ये हीच कंपनी ४२ रुपये भावाने शेअर बाजारात आली, तेव्हा नव्याने ओतलेले भांडवल वगळूनही तिचे मूल्य दोन हजार कोटींहून अधिक धरले गेले. सरकारने उरलासुरला हिस्साही त्याच वेळी विकून टाकला. पुढे तो शेअर चांगलाच चढला, हे शेअरवादी मोठ्या अभिमानाने सांगतील. ते खरे आहे. परंतु जनतेच्या पैशाने उभे राहिलेले बंदराशेजारचे खत कारखाने स्वस्तात द्यायचे आणि नंतर त्याच जनतेला त्याचे तुकडे महाग विकायचे, याला संपत्तीनिर्मिती म्हणत नाहीत. भिवंडीने २००७ मध्ये वीज वितरण खासगी कंपनीकडे जाताना पाहिले आहे; सार्वजनिक सेवा खासगी हाती गेली की बिल कोणाच्या नावाने येते, हे तिला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि पारादीपचा भागीदार नाऊरू? जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे हे बेट. वसाहतवाल्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याचा फॉस्फेट उकरून नेला. १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले आणि पुढे खाणी त्याच्या ताब्यात आल्या. दरडोई उत्पन्नात ते जगातील अग्रगण्य देशांत गणले जाऊ लागले. खडक संपेल त्या दिवसासाठी म्हणून राखलेला निधी त्याने मेलबर्नच्या गगनचुंबी इमारतीत, हॉटेलांत, अगदी लंडनच्या एका फसलेल्या संगीत नाटकातही गुंतवला. सल्लागार आले, दलाल आले. २००४ मध्ये मेलबर्नची ती इमारतही कर्जापायी विकावी लागली. आज बेटाचा बहुतांश मध्यभाग उकरलेल्या खडकांचे ओसाड रान आहे. जमीन विकून आलेला पैसा शहाण्यांच्या सल्ल्याने गुंतवण्याचे हे संपूर्ण चित्र आहे. आमण्यापासून मानकोलीपर्यंत ज्यांची जमीन गेली त्यांनी ते एकदा डोळ्यांपुढे आणावे.

‘कामगारही मालक होईल’

यावर एक चतुर उत्तर दिले जाते. समाजवाद्यांना कामगार मालक व्हायला हवा ना? मग त्याने शेअर घेतले तर तो मालकच झाला! शंभर शेअर घेणाऱ्याला मजुरी ठरवण्याचा, खाण कोठे खोदायची हे सांगण्याचा, संचालकाला जाब विचारण्याचा कोणता अधिकार मिळतो? मालकी म्हणजे नियंत्रण. नियंत्रणाविना मालकी म्हणजे फक्त जोखमीतला वाटा. नफ्याच्या वेळी प्रवर्तक पुढे आणि बुडण्याच्या वेळी छोटा भागधारक पुढे, हा बाजाराचा अलिखित नियम आहे. १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरणात तो दिसला. त्यानंतरच्या काही वर्षांत शेअर विकून पैसे गोळा केलेल्या आणि मग पत्ताच न लागलेल्या कंपन्यांची संख्या सरकारी यादीतच दोनशेहून अधिक भरली.

बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो तर कोणत्याही समाजवादी पुस्तिकेहून बोलका आहे. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनच्या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी तोटा सोसला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. शेअर घेऊन ठेवणे आणि वायद्यात खेळणे एक नव्हे, हे मान्य. परंतु दोहोंचे दार एकच आहे, फोनवरचे खाते एकच आहे, आणि एका शेअरात बुडालेला माणूस भरपाईसाठी दुसऱ्या खेळाकडे वळतो, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

मग पैशाचे करायचे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. ज्याच्या हाती जमिनीचे पैसे आहेत त्याला ‘शेअर घेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. महागाई बँकेतली ठेव कुरतडते, हे खरे. सहकाराचे नाव घ्यावे तर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांची काय दशा झाली, हेही खरे. सहकारी चळवळीतील बेजबाबदार कारभाराकडे डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी वेळीच लक्ष दिले असते, तर आज शेअर दलालाला इतके मोकळे रान मिळाले नसते.

म्हणून उत्तर व्यक्तीच्या शहाणपणात शोधून भागणार नाही. ते सामूहिक मागणीत शोधले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान दोन हजार रुपयांचे महागाईशी निगडित वर्षासन, असे पर्याय दिलेले आहेत. परंतु समृद्धी महामार्गासाठी प्रामुख्याने थेट खरेदीचा मार्ग वापरला गेला आणि एकरकमी पैसा हातावर टेकवून राज्य मोकळे झाले. एकरकमी पैसा हा भांडवलदाराला सोयीचा असतो, कारण तो एकरकमीच काढून घेता येतो. जमिनीच्या बदल्यात भरीव आणि महागाईबरोबर वाढणारे आजीवन वर्षासन, गोदामांत स्थानिकांना कायम नोकरी, माग कामगाराला भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन, या मागण्या पक्षाने तालुक्यात लावून धरल्या पाहिजेत. ज्याच्या म्हातारपणाची शाश्वती आहे तो ऑस्ट्रेलियातल्या माळरानावर पैज लावायला जात नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी एक साधे काम हाती घ्यावे. वाडी-वस्तीवर, मागांच्या कारखान्यात, गोदामांच्या दारात जेथे अशा शेअरची चर्चा चालते, तेथे तीन प्रश्न विचारायला लोकांना शिकवावे: या कंपनीने आजवर किती टन माल विकला? तिच्या खाणीपासून बंदरापर्यंत रेल्वे कोणाची आहे? गेल्या पाच वर्षांत तिने नवे शेअर किती वेळा काढले? या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नसेल, तर जो विकतो आहे त्याचा माल फॉस्फेट नव्हे, ऐकणाऱ्याची आशा हाच त्याचा माल आहे.

स्फुरद मातीत जाते तेव्हा पीक उभे राहते; ते सट्ट्यात गेले की फक्त भाव उभे राहतात. भाताच्या गोणीला रास्त भाव, खताच्या गोणीला रास्त भाव आणि खनिजावर जनतेची मालकी ही एकाच लढ्याची तीन अंगे आहेत. तो लढा शेअर बाजाराच्या दारात लढता येणार नाही. तो संघटनेनेच लढावा लागेल.